सोलापूरचा भोंगा आणि मुंबईची बोट

नवीन ड्रायव्हर कामावर आला की मी त्याला लायसन नंतर विचारायचो. आधी विचारायचो, "कान कसे हायत?" तो हसायचा. त्याला वाटायचं, म्हातारा इंजिनाच्या आवाजाबद्दल बोलतोय. इंजिन तर ऐकावंच लागतं, त्यात काय विशेष? मी विचारायचो ते भोंग्याबद्दल.

आमच्या तरुणपणी, म्हणजे तीस सालाच्या पुढेमागे, सोलापुरात खिशात घड्याळ असायचं ते वकिलाच्या नाहीतर डॉक्टरच्या. बाकी सगळं गाव गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. पहाटे पहिला भोंगा झाला की चुली पेटायच्या. दुसरा झाला की बायामाणसं फडक्यात भाकरी बांधून घराबाहेर पडायची, आणि मग रस्ता कसला, नुसती डोकीच डोकी. तिसऱ्याला गिरणीचं दार बंद. बाहेर राहिला त्याचा खाडा. तेव्हा तिसऱ्या भोंग्यानंतर पाच मिनिटांत तोच रस्ता असा मोकळा व्हायचा की मधोमध कुत्रं झोपावं.

मी स्टेशनाबाहेर भाड्याची मोटार चालवायचो. गाडी मालकाची, हात माझे. कापडी हुडाची मोठी गाडी होती. समोर हँडल फिरवून चालू करायची; थंडीत ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, माझं एकदा मोडलंय. पायरीवर पाण्याचा डबा, मागं पेट्रोलचे डबे, सीटखाली पंक्चरचं सामान. एवढं जमलं की माणूस ड्रायव्हर होतो असं लोकांना वाटायचं. पण गिऱ्हाइकाला सकाळच्या गाडीवर वेळेत पोचवायचं तर दुसऱ्या भोंग्याआधी निघायचं, नाहीतर तिसऱ्यानंतर. मधल्या वेळात गाडी रस्त्यावर काढायचीच नाही, हा माझा नियम. त्या नियमावर मी कित्येक वर्षं एकाही माणसाची रेल्वे चुकवली नाही, आणि याचा मला भारी तोरा होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. सांगोल्याकडच्या एका धनगर पाटलाचा एडका अक्कलकोटच्या जत्रेत टकरीसाठी न्यायचा होता. त्यानं एडक्याला मागच्या गादीवर बसवलं आणि आपण सबंध रस्ताभर पायरीवर उभा राहिला. का, तर एडक्याला वारा लागू नये. मी म्हटलं, "पाटील, तुमी तरी आत बसा की." तर म्हणाला, "त्येला अडचन हुतीया." असल्या गोष्टी सांगायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. पण संपादकांनी आठवणीतली एक फेरी लिहा म्हटलं, तेव्हा मला एकच आठवली. तीत माझा तोराही गेला, आणि जन्मात पुन्हा पाहिलं नाही असं काहीतरी मी पाहिलं.

सिद्रामप्पा हे आमच्याकडचे जुने गिऱ्हाईक. बाजारात त्यांचं धान्याचं मोठं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि दोन्हींत आवाज एकच, वरच्या पट्टीतला. त्यांचा एकुलता एक मुलगा मल्लिकार्जुन. घरचे मल्लू म्हणायचे. तो डॉक्टरी शिकला आणि पुढं शिकायला विलायतेला जायचं म्हणाला. अप्पा म्हणाले, "समुंदर वलांडून जायाचं न्हाय." मल्लू म्हणाला, जाणार. त्या दिवसापासून सहा महिने बाप लेकाशी एक शब्द बोलला नाही. जेवायला दोघं एका पंगतीत बसायचे आणि मीठ हवं असलं तर मल्लूची आई मधे निरोप्या व्हायची. सगळ्या बाजाराला हे माहीत होतं.

मल्लूची बोट शुक्रवारी सुटायची होती. मंगळवारी रात्रीच्या मेलनं तो निघाला. मामा आणि चार नातलग त्याला पोचवायला मुंबईपर्यंत गेले. स्टेशनावर हार, पेढे, रडारड सगळं झालं. अप्पा दुकानात बसून राहिले. त्यांनी जोंधळ्याची पोती मोजून घेतली म्हणे, आणि दोनदा चुकले.

गुरुवारी पहाटे मालकांनी मला सांगितलं, सिद्रामप्पांना बार्शीला न्यायचंय, पेट्रोलचे जास्तीचे डबे घे. बार्शीला जास्तीचे डबे कशाला, हे मला कळेना. अप्पा येऊन मागं बसले. हातात कापडी पिशवी, तिच्यात पूजेचं साहित्य. गावाबाहेर नाक्यावर बार्शीचा रस्ता फुटतो तिथं मी गाडी वळवणार, तोच मागून आवाज आला.

"नामदेवा, पुन्याच्या रस्त्याला घे."

मी घेतली. मोहोळ गेलं. टेंभुर्णी गेलं. मग अप्पांनीच घसा साफ केला. "ममईला जायाचं हाय. भुईमुगाचं बियानं बघाय."

"बियानं ममईला?"

"तितं चांगलं मिळतंय."

मी मान डोलावली. मुंबईत भुईमूग कुठल्या चाळीच्या गच्चीवर पिकतो हे विचारायची माझी छाती नव्हती. रेल्वेनं का गेले नाहीत तेही न सांगता कळलं. स्टेशनावर सारा बाजार बघणार, सिद्रामप्पा नमले म्हणणार. त्यापेक्षा अंगातली हाडं खिळखिळी करणारा दिवसभराचा रस्ता त्यांना परवडला.

खंडाळ्याचा घाट उतरून पनवेलवरून ठाण्याला पोचायला दिवेलागण झाली. खाडीच्या पुलावर अप्पांनी गाडी थांबवायला लावली. खाली ओहोटीचं थोडंसं पाणी आणि बराचसा चिखल होता. अप्पा बराच वेळ बघत होते.

"ह्योच समुंदर?"

"खाडी हाय म्हनं अप्पा. समुंदर फुडं."

"म्हंजे ह्येच्यापरास मोठा असनार," असं म्हणून त्यांनी गाडी काढायला सांगितलं. रात्रीपुरते ठाण्यातच एका धर्मशाळेत उतरलो, पण जेवणंही नीट झाली नाहीत. मग त्यांनी खिशातून एक चिठोरं काढलं. मल्लूच्या तिकिटावरचं त्यांनी गुपचूप मोडीत उतरून घेतलं होतं. बोटीला बॅलार्ड पिअर नावाच्या धक्क्यावरून जायचं, नवाला शिडी उचलणार. मला दाखवून म्हणाले, "बियान्याचा येपारी त्या धक्क्यापाशीच भेटनार हाय. नवाच्या आत जायाला पायजे."

मी हिशेब मांडला. मुंबईत मी त्याआधी दोनदाच गेलो होतो, तेही दुपारी. दादर, परळ, लालबाग हा सगळा गिरण्यांचा भाग, एवढं माहीत होतं. म्हटलं, गिरणी ती गिरणी. पाचाला निघायचं आणि भोंग्याआधी परळ मागं टाकायचं. पण अप्पांची पूजा मधे आली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ते तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत, आणि ती पूजा रोज अर्ध्या तासाची. त्या दिवशी तास झाला तरी डोळे उघडेनात. मी दारात दोनदा खोकलो. काय मागत होते देवाला कोण जाणे! निघालो तेव्हा सहा वाजून गेले होते.

दादरच्या अलीकडं आलो आणि पहिला भोंगा ऐकला. रस्ता त्या वेळी बऱ्यापैकी मोकळा होता. एक ट्राम, चार व्हिक्टोरिया घोडागाड्या, दुधाच्या गाड्या. सरळ गेलो असतो तर निघालो असतो. पण माझा नियम! मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"का रं थांबलास?"

"अप्पा, आता दुसरा भोंगा हुईल, मानसं भाईर पडतील. तिसरा झाला की रस्ता आपलाच. मला सोलापुरात कदी चुकलंय का?"

"न्हाय बा," अप्पा म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, हे आजही टोचतं.

थोड्या वेळानं दुसरा झाला. मग तिसरा. मी मोठ्या ऐटीत उतरलो, हँडल मारलं आणि गाडी परळच्या दिशेनं सोडली.

आता वाचणाऱ्यानं मला हसावं. सोलापुरात गिरण्या बोटांवर मोजण्याइतक्या. सगळ्यांची वेळ एक, माणसं एक. इथं ते तीन भोंगे तीन वेगळ्या गिरण्यांचे पहिलेच भोंगे होते. परळच्या नाक्यावर आलो आणि चहूबाजूंनी भोंगे सुरू झाले. एक थांबला की दुसरा, दुसऱ्यात तिसरा मिसळलेला. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं आली. मी आयुष्यात तेवढी माणसं एका जागी पाहिली नव्हती, आणि ती जत्रेसारखी रेंगाळणारी नव्हती, सगळी झपाझप चाललेली. रातपाळीची सुटून तिकडून येतायत, दिवसपाळीची इकडून जातायत, मधे ट्रामांची रांग घंटा बडवतेय, आणि या सगळ्याच्या पोटात आमची सोलापूरची गाडी. रस्ता मोकळा होता तेव्हा मी थांबलो होतो आणि भरला तेव्हा आत शिरलो होतो.

मी हॉर्न दाबत होतो. कुणी वळूनही बघेना. भीती वाटली खरी, पण खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा नवल जास्त वाटत होतं. एवढ्या माणसांना रोज कोण जेवू घालतं, एवढ्या सगळ्यांनी मिळून विणलेलं कापड कोण नेसतं, असले विचार त्या घाईत डोक्यात आले. अप्पासुद्धा घाई विसरून माणसांकडं बघत होते.

मग भानावर आले. चौकातल्या घड्याळात आठ वाजत आले होते. अप्पांनी पहिल्यांदाच माझा खांदा धरला.

"नामदेवा, अय्यो, बियानं जाऊ दे मसनात. माझा मल्लू जातोय रं! एकदा त्वांड दिसलं पायजे त्येचं. गाडी काड कशी बी."

ते एवढ्या मोठ्यानं बोलले की गाडीला खेटून चाललेला एक माणूस थबकला. हातात डबा, केसांत कालच्या कापसाचे तंतू. "सोलापूरचं का तुमी?" त्यानं विचारलं. तो आमच्या साखरपेठेतला निघाला, तेलुगू विणकराच्या घरचा, मुंबईत मागावर काम करणारा. मी त्याला सांगितलं, तिसरा भोंगा मोजून मी आत शिरलो.

"अवो, हितं गिरन्या किती? तुमी कुनाकुनाचा भोंगा मोजला?"

एवढं बोलून तो पायरीवर चढला. एका हातानं हुडाची दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं डबा गाडीच्या पत्र्यावर बडवत ओरडायला लागला, "बाजू, बाजू! पेशंट हाय आत!" लोक बाजूला झाले. अप्पांनी खरोखर डोळे मिटून मान टाकली. सोंग म्हणून टाकली की काय, देव जाणे. त्या माणसानं आम्हांला डावीकडच्या गल्लीतून शिवडीकडं काढलं, गोदीच्या बाजूच्या लांब सडकेला लावून दिलं. "आता नाकासमोर जा. फाटक लागंल, मालगाडी गेली की सुटतंय," म्हणाला आणि उतरून पळत सुटला. त्याचा दिवसाचा खाडा नक्की पडला असणार. मी त्याचं नावही विचारलं नाही. तेवढी अक्कल मला त्या दिवशी नव्हती.

फाटक लागलं. मालगाडी गेली, पण सावकाश गेली. कापसाच्या गाठींनी भरलेले बैलखटारे पुढं होते. बॅलार्ड पिअरला पोचलो तेव्हा नवाला पाच मिनिटं कमी होती. गाडी लावून, हमालांच्या आणि पेट्यांच्या गर्दीतून वाट काढत धक्क्याकडं धावलो. अप्पांचं वय साठीच्या घरातलं. पण पुढं ते होते, मागं मी.

रस्त्याच्या शेवटी एक भली मोठी इमारत होती. खाली काळी, वर पांढरी, खिडक्यांच्या ओळीवर ओळी, सज्जे, सज्ज्यांतून माणसं वाकून बघतायत. मी म्हटलं, साहेब लोकांचं हॉटेल असेल. या हॉटेलाच्या मागं समुद्र असणार आणि तिथं बोट.

"बोट कुटं हाय वो?" मी एका हमालाला विचारलं.

त्यानं त्या इमारतीकडंच बोट दाखवलं.

अप्पा जागच्या जागी थांबले. मान मागं टाकून वर, आणखी वर बघू लागले. तोंड उघडंच राहिलं होतं. मीही तसाच. सोलापुरातली सगळ्यांत मोठी गिरणी उचलून पाण्यावर ठेवली असती तरी एवढी दिसली नसती. लोखंडाची ती भिंत आमच्या समोर उभी होती आणि तिच्या बुडाशी पाणी हलत होतं. हे माणसांनी बांधलंय, आणि हे तरंगतं, आणि हे आता चालायला लागणार, या तीन गोष्टी एकदम मनात मावेनात. हात आपोआप जोडले गेले.

"ही बोट?" अप्पांचा आवाज खाली आला होता. मी त्यांचा तसला आवाज कधी ऐकला नव्हता. "नामदेवा, मी म्हनलं नाव असंल. आपल्या भीमेवर असतीया तसली. जरा मोठी. तसल्या नावंत बसून पोरगं समुंदरात जानार, म्हनून मी..."

सहा महिन्यांचा राग कशाचा होता, ते मला तिथं कळलं. घरात किंवा बाजारात कुणाला कळलं नसेल. त्यांनीही कुणाला सांगितलं नसणार. सिद्रामप्पा भ्याले हे कोण म्हणणार?

शिडी उचलली गेली होती. आमच्या देखत दोर सोडले. माझी चूक नसती तर तो मुलगा खाली धक्क्यावर उभा असता, बापाच्या पाया पडला असता. मी हे मनात बोललो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर कठड्याला शेकडो माणसं. त्यात मल्लू कुठं? धक्क्यावर थोड्या अंतरावर त्याचे मामा आणि नातलग हात हलवत उभे होते, म्हणजे मल्लू त्यांच्या समोरच असणार. तिकडं जायचं तर मामांच्या नजरेला पडायचं. अप्पा एका पेटीच्या आडोशाला उभे राहिले होते. इतक्यात ती इमारत हलली. धक्का आणि तिच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसली, हातभर, मग दोन हात.

अप्पा धावले. मामांना ओलांडून पार धक्क्याच्या काठाशी गेले. आणि त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. आमच्याकडं त्या काळी बाजारातला माणूस चारचौघांत उघड्या डोक्यानं दिसायचा तो घरात कुणी गेलं तरच. अप्पांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दहा हात लांब तो लाल रुमाल त्यांनी सबंध उलगडला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून हलवायला लागले. वाऱ्यानं तो असा फडफडला की आजूबाजूचे साहेबसुद्धा बाजूला सरले.

"मल्लूऽऽ! होगि बाऽऽ!"

होगि बा म्हणजे जाऊन ये. कानडी घरात निघणाऱ्या माणसाला एवढंच म्हणतात.

वरून एक जण कठड्यावर इतका वाकला की शेजारच्यानं त्याला धरलं. मल्लू! त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले आणि तिथंच, त्या साहेबांच्या गर्दीत, लाकडी फळ्यांवर डोकं टेकवलं. थोडा वेळ तो दिसेनासा झाला. उठला तेव्हा बोट फिरत होती. ती लहान होईपर्यंत अप्पांनी हात खाली घेतले नाहीत. धक्क्यावरचा आवाज हळूहळू ओसरला आणि पुढं नुसतं पाणी राहिलं. ठाण्याच्या खाडीवर मी "समुंदर फुडं" म्हटलं होतं, तो हा. बोट गेली त्या बाजूला त्याला पलीकडचा काठच नव्हता. एवढं मोकळं काही मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

मामा जवळ आले. "दाजी, तुम्ही?"

अप्पा रुमाल गुंडाळत म्हणाले, "भुईमुगाचं बियानं बघाय आलतो." मामांनी हो म्हटलं. शहाणा माणूस.

परतीला घाटात गाडी तापली. पाणी घालायला थांबलो. मी डबा ओतता ओतता सगळं कबूल केलं. अप्पा, माझ्या भोंग्यानं घात केला, मी दादरला थांबलो नसतो तर तुमची भेट झाली असती. मला वाटलं, आता मार बसणार. अप्पा दगडावर बसून खाली दरीकडं बघत होते. ते जे बोलले ते मी मनात ठेवून दिलं, मालकालाही सांगितलं नाही.

मल्लू तीन वर्षांनी मोठा डॉक्टर होऊन परत आला. तेव्हा अप्पा नव्हते. आदल्या हिवाळ्यात दुकानातच, गादीवर बसल्या बसल्या गेले. मल्लू एका सकाळी स्टेशनाबाहेर माझ्या गाडीपाशी आला. मामांकडून त्याला कळलं होतं, अप्पांना मीच नेलं होतं. मी त्याला भोंग्याची चूक सांगितली. हात जोडून सांगितली. म्हटलं, बापलेकांची शेवटची भेट माझ्यामुळं हुकली. मग घाटात अप्पा जे म्हणाले होते ते मी त्याला सांगितलं.

अप्पा म्हणाले होते, "येळंत पोचलो असतो तर मी गाडीतनं उतरलोच नसतो रं. आत बसूनच बघितलं असतं, आन् माघारी आलो असतो."

मल्लू हसला. "व्हय," म्हणाला, "उतरलेच नसते." आणि तिथंच माझ्या गाडीच्या पायरीवर बसून, एवढा शिकलेला माणूस, तो मोठ्यानं रडला.